रमाबाई रानडे : घरात राहून इंग्रजी शिकताना



या घटकात आपल्याला एक चरित्र वाचायचे आहे आणि ते वाचता वाचता इंग्रजीतील काही छोट्या क्रियापदांशी ओळख करून घ्यायची आहे. ही दोन कामे एकत्र का केली, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. आपल्यापैकी बहुतेकांना 'पुट' म्हणजे ठेवणे, 'गिव्ह' म्हणजे देणे, 'टेक' म्हणजे घेणे, हे शाळेपासून ठाऊक असते. अडखळायला होते ते पुढे. 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'गिव्ह इन' असे शब्द वाचनात आले की प्रत्येक शब्द ओळखीचा असतो, पण सगळ्यांचा मिळून अर्थ लागत नाही. इंग्रजी व्याकरणात यांना 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. त्यांच्या याद्या बाजारातील कोणत्याही मार्गदर्शकात मिळतात आणि पाठ केलेली यादी परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत टिकते. म्हणून येथे यादी दिलेली नाही. एका माणसाचे आयुष्य दिले आहे. त्यातील प्रसंग लक्षात राहिला, की त्या प्रसंगाला चिकटलेले क्रियापदही लक्षात राहते, एवढीच यामागची कल्पना आहे.

आपल्यापैकी कोणी बीड शहरात राहत असेल, कोणी नारायणगडाच्या परिसरातील एखाद्या गावातून अभ्यासकेंद्रावर येत असेल. या भागात इंग्रजी उशिरा पोचली, याला इतिहास आहे. १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि त्यानंतर कुठेतरी इंग्रजी, असा तो क्रम होता. तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला इंग्रजीचे वळण मिळाले नाही, यात त्यांच्या बुद्धीचा दोष नव्हता. जिथे इंग्रजी राज्य प्रत्यक्ष होते त्या पुण्यातही ही भाषा सर्वांसाठी खुली नव्हती. स्त्रियांना तर ती जवळजवळ निषिद्धच होती. आपण जिचे चरित्र पाहणार आहोत तिने ती तेथे, भरल्या घरात, घरच्यांच्या नाराजीत शिकून घेतली.

रमाबाईंचा जन्म १८६२ मध्ये देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरात झाला. माहेरचे नाव यमुना. हे गाव तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. (नाशिकच्या मुक्त विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या यशवंतराव चव्हाणांचा जन्मही पुढे १९१३ मध्ये याच गावात झाला. एका लहान गावाच्या वाट्याला असे योग क्वचित येतात.) मुलींना लिहायला-वाचायला शिकवणे कुर्लेकरांच्या घरात प्रशस्त मानले जात नव्हते. यमुना वाढली ती व्रतवैकल्ये, कहाण्या आणि घरकाम यांच्यात. आपले पहिले क्रियापद येथे घेऊ: 'ब्रिंग अप', म्हणजे लहानाचे मोठे करणे. 'रमाबाई वॉज ब्रॉट अप इन अ व्हिलेज कॉल्ड देवराष्ट्रे.' 'ब्रिंग' म्हणजे आणणे, 'अप' म्हणजे वर. मूल खालून वर आणायचे, म्हणजे वाढवायचे. येथे दोन शब्दांच्या बेरजेतून अर्थ थोडाफार तरी दिसतो. सर्वत्र तसे होणार नाही.

सासरी पाठवताना वडिलांनी तिला एक गोष्ट बजावली होती. त्या घरात माणसे पुष्कळ असतील, कोणी काही बोलले तरी सोसावे, उलट उत्तर देऊ नये आणि नवऱ्याकडे कोणाचीही चहाडी करू नये. अकरा वर्षांच्या मुलीला दिलेला हा उपदेश आजच्या वाचकाला कठोर वाटेल, आणि तो कठोर होताच. पण पुढच्या सगळ्या चरित्राची किल्ली त्यात आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

१८७३ च्या डिसेंबरात तिचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. या विवाहाची हकिकत थोडी सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण तिच्यात रानड्यांच्या आयुष्यातील सर्वांत अडचणीचा प्रसंग आहे. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते, पुण्यात न्यायाधीश होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीचे मोठे आधारस्तंभ होते. त्यांची पहिली पत्नी सखूबाई त्याच वर्षी वारली होती. आता बोलल्याप्रमाणे रानडे एखाद्या विधवेशी विवाह करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडील गोविंदराव यांना नेमकी त्याचीच धास्ती होती. त्यांनी घाईने कुमारिका मुलगी शोधली आणि मुलावर सगळे दडपण आणले. रानडे वडिलांपुढे नमले. त्यांचे सहकारी विष्णुशास्त्री पंडित यांनी पुढच्याच वर्षी स्वतः विधवेशी विवाह केला. त्यामुळे रानड्यांचे नमणे अधिकच उठून दिसले. टीका पुष्कळ झाली आणि ती अन्याय्य होती असे म्हणता येणार नाही.

'नमते घेणे' याला इंग्रजीत 'गिव्ह इन' म्हणतात. 'रानडे गेव्ह इन टु हिज फादर.' येथे 'देणे' आणि 'आत' यांची बेरीज करून काहीच हाती लागत नाही. आता याच्या शेजारी 'गिव्ह अप' ठेवून पाहा. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. 'ही गेव्ह इन, बट ही डिड नॉट गिव्ह अप.' त्यांनी नमते घेतले, पण सोडून दिले नाही. एका अव्ययाने केवढा फरक पडला ते पाहिलेत? माझ्या मते रानड्यांच्या पुढील वर्तनाचे वर्णन करायला याहून नेमके वाक्य मिळणे कठीण आहे. विधवेशी विवाह करणे त्यांच्या हातून झाले नाही. पण जी मुलगी पत्नी म्हणून घरात आली तिला शिकवण्याचे काम त्यांनी विवाहानंतर लगेच हाती घेतले. 'हाती घेणे' याला 'टेक अप' म्हणतात, आणि येथे मराठी व इंग्रजी एकाच वळणाने जातात. दोन्हीकडे 'घेणे' आहे.

यमुनेला, म्हणजे आता रमाबाईंना, अक्षरओळखही नव्हती. पाटी-पेन्सिलीपासून सुरुवात झाली. काही महिन्यांत मराठी वाचता येऊ लागले आणि पुढे इंग्रजीची पाळी आली. येथपर्यंत घरातील मोठ्या बायकांनी कुरकुर करीत का होईना, चालवून घेतले होते. पोथी वाचण्यापुरते मराठी आले तर काय बिघडते, अशीही एक समजूत असते. इंग्रजीची गोष्ट वेगळी होती. ती साहेबाची भाषा, कचेरीची भाषा, पुरुषांच्या मिळकतीची भाषा. घरातल्या सुनेला ती कशासाठी हवी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या जगात त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्या बायकांना केवळ दुष्ट ठरवणे सोपे आहे. त्यांतील काही स्वतः बालपणी विधवा झालेल्या होत्या. ज्या नियमांनी त्यांचे आयुष्य आखले होते, ते नियम डोळ्यांसमोर मोडले जाताना पाहणे त्यांना जड गेले असणार.

रमाबाईंचा दिवस दोन भागांत विभागलेला होता. दिवसा खाली, माजघरात आणि स्वयंपाकघरात, या बायकांच्या सहवासात. रात्री आणि पहाटे वर, नवऱ्याजवळ, पुस्तकाच्या सहवासात. वर मिळालेल्या प्रत्येक धड्याची किंमत खाली मोजावी लागे. टोमणे असत, अबोला असे, आणि मुद्दाम वाढवलेली कामे असत. वडिलांचा उपदेश स्मरून त्या वर जाऊन काहीही सांगत नसत. पुढे मिस हरफर्ड या इंग्रज बाई त्यांना इंग्रजी शिकवण्यास घरी येऊ लागल्या तेव्हा आणखी एक अट आली. परक्या बाईच्या जवळ बसल्याने विटाळ होतो, म्हणून धडा संपल्यावर स्नान केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. धडा झाला की स्नान, असा क्रम सुरू झाला आणि रमाबाईंच्या प्रकृतीवर त्याचा परिणाम झाला.

येथे थोडे थांबू, कारण या प्रसंगाशी जोडलेले क्रियापद विद्यार्थ्यांना सर्वांत अधिक छळते: 'पुट अप विथ'. एक क्रियापद आणि त्याच्यामागे दोन अव्यये. ठेवणे, वर, सह. या तिन्हींची कितीही उलटापालट केली तरी 'सोसणे' हा अर्थ निघत नाही. 'रमाबाई पुट अप विथ द टाँट्स.' टोमणे त्यांनी सोसले. 'पुट' याचे भूतकाळी रूपही 'पुट'च राहते, हे जाता जाता ध्यानात घ्यावे.

हा प्रकार परका आहे, मराठीत असे काही नाही, असे आपल्याला वाटत असेल तर आपल्याच बोलण्याकडे कान देऊन पाहा. 'ऐकणे' आणि 'ऐकून घेणे' यांत फरक आहे की नाही? सून गाणे ऐकते आणि सासूचे बोलणे ऐकून घेते. दुसऱ्या वाक्यातील 'घेणे' कोणतीही वस्तू घेत नाही. ते फक्त 'ऐकणे' या क्रियेला सोसण्याचा रंग देते. मघाशी मी 'चालवून घेतले' असे लिहिले. तेथे कोणी काय चालवले आणि काय घेतले? वाक्य वाचताना आपल्याला हा प्रश्न पडला नाही, कारण आपण ते लहानपणापासून ऐकत आलो आहोत. 'बोलणे' आणि 'बोलून बसणे', 'देणे' आणि 'देऊन टाकणे', 'लिहिणे' आणि 'लिहून पाहणे' या जोड्याही अशाच. मराठी व्याकरणात आपण यांचा विचार संयुक्त क्रियापदांच्या प्रकरणात करतो. बोलून 'बसलेला' माणूस उभा असला तरी चालतो! परभाषकाला मराठी शिकवून पाहा. तो नेमका येथेच रडकुंडीला येतो.

फरक एवढाच की मराठी क्रियापदाला रंग देण्यासाठी दुसऱ्या क्रियापदाला हाक मारते आणि इंग्रजी त्याच कामासाठी 'अप', 'ऑफ', 'आउट', 'इन' यांसारख्या छोट्या अव्ययांना बोलावते. म्हणून 'पुट अप विथ' याचे तीन तुकडे करून भाषांतर करायला जाऊ नये. ते एकच क्रियापद आहे असे समजून, त्याच्या शेजारी 'ऐकून घेणे', 'चालवून घेणे' ही आपली क्रियापदे ठेवावीत. जोडी जमली की स्मरणाला आधार मिळतो.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली आणि तेथून पुढच्या वर्षी धुळ्याला. बदली ही त्यांच्या नोकरीतील सुखाची गोष्ट नव्हती. सरकारला त्यांच्या सार्वजनिक कामाचा संशय होता, असे मानले जाते. रमाबाईंसाठी मात्र नाशिक हे मोकळ्या हवेचे ठिकाण ठरले. पहिल्यांदाच घर त्यांच्या ताब्यात आले. घर सांभाळणे म्हणजे 'लुक आफ्टर'. 'ॲट नाशिक शी लुक्ड आफ्टर द हाउस हरसेल्फ.' (आपणही घर 'बघणे' म्हणतोच.) वाचनाला आता चोरटेपणा उरला नाही. नाशिकलाच त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर उभे राहून भाषण केले. ते रानड्यांनी लिहून दिलेले होते, पण ते उभे राहून म्हणण्याचे धैर्य रमाबाईंचे होते. ज्या मुलीला पाच-सहा वर्षांपूर्वी अक्षर वाचता येत नव्हते तिच्यासाठी हे अंतर लहान नव्हते.

१८८१ मध्ये बिऱ्हाड पुन्हा पुण्यास आले आणि तेच माजघर पुन्हा भोवती उभे राहिले. फरक असा की आता रमाबाई विशीत होत्या आणि शहरात वातावरण बदलू लागले होते. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना झाली, आणि मुलींना प्राथमिक शाळेच्या पुढे शिक्षण मिळावे ही मागणी जोर धरू लागली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या उपस्थितीत पुण्यात सभा भरली. मुलींसाठी हायस्कूल काढावे अशी विनंती करणारे इंग्रजी निवेदन त्या सभेत रमाबाईंनी वाचले.

त्या दृश्याची कल्पना करा. समोर गव्हर्नर, युरोपीय अधिकारी, पुण्यातील शिष्टमंडळी. त्यांच्यापुढे नऊवारी नेसलेली एक तरुण ब्राह्मण स्त्री उभी राहते आणि साहेबाच्या भाषेत मागणे मागते. 'शी स्टूड अप अँड रेड आउट द ॲड्रेस.' 'स्टँड अप' म्हणजे उठून उभे राहणे, 'रीड आउट' म्हणजे मोठ्याने वाचून दाखवणे. 'रीड' या क्रियापदाचे भूतकाळी रूप लिहिताना तेच राहते, उच्चार मात्र 'रेड' होतो. मोठ्याने वाचण्याचा सराव केल्याखेरीज ही गोष्ट अंगवळणी पडत नाही.

याच वाक्यातून एक नियमही शिकता येतो. 'शी रेड आउट द ॲड्रेस' म्हणता येते, 'शी रेड द ॲड्रेस आउट' असेही म्हणता येते. पण 'ॲड्रेस' या नामाऐवजी 'इट' हे सर्वनाम आले की त्याची जागा ठरलेली असते. 'शी रेड इट आउट' हे बरोबर. 'शी रेड आउट इट' असे कोणी इंग्रज म्हणणार नाही. सर्वनाम मध्ये बसते. 'टेक अप', 'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'सेट अप' यांनाही हा नियम लागू आहे. 'पुट अप विथ' आणि 'लुक आफ्टर' मात्र फोडता येत नाहीत. तेथे सर्वनाम शेवटीच येते. 'शी पुट अप विथ इट.' 'शी लुक्ड आफ्टर इट.' आपल्या लिखाणात सर्वाधिक चुका या एका ठिकाणी होतात, म्हणून ही वाक्ये वहीत उतरवून काढावीत आणि मोठ्याने म्हणावीत.

सभेहून घरी परतल्यावर रमाबाईंना कौतुक ऐकायला मिळाले नाही. सभेत उभे राहून पुरुषांदेखत इंग्रजी बोलणारी सून ही घराची अब्रू घालवणारी सून ठरली. त्यांनी तेही ऐकून घेतले. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली. ज्या भाषेसाठी घरात टोमणे खाल्ले, त्याच भाषेत केलेल्या मागणीने शहरातील मुलींसाठी हायस्कूलचे दार उघडण्यास हातभार लावला.

१८८६ मध्ये सरकारने नेमलेल्या अर्थविषयक समितीवर रानड्यांची नेमणूक झाली आणि त्या निमित्ताने दोघांचे वास्तव्य काही काळ कलकत्त्यास झाले. तेथील एक गोष्ट भाषा शिकणाऱ्याने विसरू नये. रानड्यांना बंगाली वाचायची इच्छा झाली. त्यांनी पुस्तके आणली आणि दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला ते गुरू करून घेत. न्हावी दाढी करी आणि हे बंगाली पुस्तक मोठ्याने वाचत. चुकले की तो दुरुस्त करी. रमाबाईंना हे पाहून हसू आले आणि थोडा संकोचही वाटला. एवढ्या मोठ्या न्यायाधीशाने न्हाव्याकडून शिकावे! पण रानड्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. मग रमाबाईही बंगाली वाचू लागल्या. अशा रीतीने, ऐकता ऐकता, वापरता वापरता भाषा शिकणे म्हणजे 'पिक अप'. 'रानडे पिक्ड अप बंगाली फ्रॉम हिज बार्बर.' खाली पडलेली वस्तू उचलणेही 'पिक अप'च. आपल्याकडेही लहान मूल भाषा पटकन 'उचलते'. आठवडी बाजारात, बसस्थानकावर, दवाखान्यात ज्यांना इंग्रजीचे चार शब्द वापरावे लागतात त्यांच्याकडूनही ते उचलता येतात. त्यासाठी लाज मात्र बाजूला ठेवावी लागते.

पुढची वर्षे भराभर गेली. १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. विद्यार्थिदशेपासून त्यांचे डोळे अधू होते, त्यामुळे वाचून दाखवणारे माणूस त्यांना लागे, आणि हे काम मोठ्या प्रमाणावर रमाबाईंकडे आले. कधीकाळी जिला पाटीवर अक्षरे गिरवून दिली तिच्याच तोंडून रानडे आता वर्तमानपत्रे आणि टपाल ऐकत. रमाबाईंच्या इंग्रजीचा खरा सराव या रोजच्या वाचनात झाला असावा, असे मला वाटते. व्याकरणाच्या पुस्तकात एकदा भेटणारे क्रियापद वर्तमानपत्रात आठवड्यातून दहादा भेटते.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. इंग्रजीतही मृत्यूसाठी थेट क्रियापद असून सभ्य बोलण्यात 'पास अवे' वापरतात. मराठीत आपण 'गेले' म्हणतो तसे. 'रानडे पास्ड अवे इन १९०१.' रमाबाईंचे वय तेव्हा चाळिशीच्या आत होते. काही काळ त्या घराबाहेर पडल्या नाहीत. दुःखातून सावरणे म्हणजे 'गेट ओव्हर'. हे क्रियापद त्यांच्या बाबतीत पूर्ण अर्थाने वापरता येईल की नाही, याची मला शंका आहे. त्यांनी दुःख ओलांडले असे म्हणण्यापेक्षा त्या ते बरोबर घेऊन कामाला लागल्या, असे म्हणणे अधिक खरे. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले, त्याच्याही त्या अध्यक्ष झाल्या. १९०९ मध्ये पुण्यात गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने त्यांनी पुणे सेवासदनाची उभारणी केली, आणि तीही रानड्यांच्या वाड्यात. 'शी सेट अप पूना सेवासदन इन हर ओन हाउस.' 'सेट अप' म्हणजे उभे करणे, स्थापन करणे. ज्या घराण्यात सुनेच्या पुस्तकावरून अबोला धरला जाई, त्याच घराण्याच्या वाड्यात आता विवाहित बायका आणि विधवा पाटी घेऊन येऊ लागल्या.

या बायका म्हणजे, मित्रहो, आपल्यासारख्याच प्रौढ विद्यार्थिनी होत्या. कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या डोक्यावरचे केस काढलेले, कोणी घरचे आवरून दुपारी येणारी. सेवासदनाने त्यांना शिक्षण दिले, शिवणकाम दिले आणि परिचारिका होण्याचा मार्गही दाखवला. ससून रुग्णालयात सेवासदनाच्या स्त्रिया परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. उच्चवर्णीय विधवेने दवाखान्यात परक्या रोग्याची शुश्रूषा करणे ही तेव्हा समाजाला हादरवणारी गोष्ट होती. रमाबाई येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांनाही भेटावयास जात.

१९१० मध्ये त्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. 'प्रसिद्ध करणे' म्हणजे 'ब्रिंग आउट', आणि प्रसिद्ध होणे म्हणजे 'कम आउट'. 'हर बुक केम आउट इन १९१०.' हे पुस्तक आपण अन्य घटकात साहित्यकृती म्हणून अभ्यासणार आहोत. येथे एवढेच नोंदवावेसे वाटते, की इंग्रजी चांगले अवगत असूनही त्यांनी ते मराठीत लिहिले आणि त्यातील मराठी माजघरातली, साधी, बोलती आहे. इंग्रजीने त्यांचे मराठी बिघडवले नाही. इंग्रजी शिकले की मातृभाषा जाते, ही भीती ज्यांना वाटते त्यांनी ते पुस्तक अवश्य वाचावे.

आता शेवटचे क्रियापद. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसे अपुरे आहेत, तेव्हा आधी मुलांना सक्ती करू, मुलींचे पुढे पाहू, असा एका मोठ्या गटाचा आग्रह होता. लांबणीवर टाकणे म्हणजे 'पुट ऑफ'. 'दे वॉन्टेड टु पुट ऑफ द एज्युकेशन ऑफ गर्ल्स.' सर्वनाम घातले तर: 'दे वॉन्टेड टु पुट इट ऑफ.' साठीकडे झुकलेल्या रमाबाई या प्रश्नावर स्त्रियांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. सभा झाल्या, मिरवणूक निघाली. वडिलांनी दिलेला सोसण्याचा धडा त्यांनी आयुष्यभर पाळला, पण तो स्वतःपुरता. दुसऱ्यांच्या मुलींच्या बाबतीत त्यांनी तो कधीच पाळला नाही. 'शी पुट अप विथ मच, बट शी डिड नॉट लेट देम पुट इट ऑफ.' या एका वाक्यात 'पुट' दोनदा आला आहे आणि दोन्ही ठिकाणी अर्थ निराळा आहे. वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. मुंबई इलाख्यातील स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठीही त्यांनी याच काळात काम केले.

१९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. एक योगायोग असा, की या क्रियापदांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव पुस्तकातून रूढ करणारा लोगन पिअर्सल स्मिथ यांचा ग्रंथ त्यानंतरच्या वर्षी, १९२५ मध्ये, लंडनला प्रसिद्ध झाला. म्हणजे रमाबाईंनी ही क्रियापदे वापरली ती त्यांचे नाव न ऐकता. आपणही 'देऊन टाकणे' वापरू लागलो तेव्हा संयुक्त क्रियापद हा शब्द ऐकला नव्हता. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

पुढील घटकाकडे जाण्यापूर्वी वहीत तीन वाक्ये लिहावीत. आपल्याला कोणी वाढवले, हे 'ब्रिंग अप' वापरून. शिक्षण मध्येच का थांबले होते आणि ते पुन्हा कोणत्या वर्षी हाती घेतले, हे 'पुट ऑफ' आणि 'टेक अप' वापरून. तिसरे वाक्य आपल्या गावाचे असावे. नमुना देतो: 'द दिंडी सेट आउट फ्रॉम नारायणगड ॲट डॉन.' 'सेट आउट' म्हणजे प्रवासाला निघणे. 'सेट अप'मधला 'सेट'च येथे आहे, पण मागचे अव्यय बदलले आहे.